ते एक काडतूस

मार्लिसने काडतूस अडकवलेली हातोडी फरशीवर आपटली. पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्या ठोक्याला पुंगळीत घट्ट बसलेली गोळी सुटली आणि तिच्या पाठोपाठ दारूचे काळे कण हातोडीच्या पोकळ डोक्यात ओघळले. तिने ते कण तोलकाट्याच्या ताटलीत ओतले, टिचकी मारून चिकटून राहिलेला शेवटचा कणही पाडला आणि श्वास रोखून पाहत राहिली. काटा वरखाली झुलला, मंदावला आणि जिथे थांबायला हवा तिथेच थांबला.

बरोबर होतं. आधीचंही बरोबर होतं. त्याच्या आधीचंही.

तिने पुढचं काडतूस उचललं.

कपडे धुण्याच्या त्या अरुंद खोलीत एका भिंतीला मशीन होतं आणि समोरच्या भिंतीला तिचं बाकडं. बाकड्यावर काडतुसं भरायची प्रेस पक्क्या बोल्टांनी बसवलेली. खाली जमिनीवर पुठ्ठ्याचे डबे रचलेले होते. नाताळात तिने रायफल क्लबातल्या दहाबारा जणांना स्वतः भरलेल्या काडतुसांचा एकेक डबा दिला होता, ज्याची जशी रायफल तसा, वर लाल दोरा बांधून. गेले तीन आठवडे ते डबे परत येत होते. सकाळी दार उघडावं तर पायरीवर डबा. सोबत चिठ्ठी नाही, कोणी घंटा वाजवलेली नाही. एकीने तर दोरासुद्धा जसाच्या तसा परत बांधून ठेवला होता. त्या दोऱ्याकडे पाहून तिला इतका राग आला, की तिने तो दातांनी तोडला.

चाळीस वर्षं मार्लिस ट्वाइटने विल्डन गावाचे केस कापले होते. मोंटानाच्या पूर्वेकडचं ते लहानसं गाव, वाऱ्याचं. तिथलं एकही डोकं असं नव्हतं, की ज्याचे भोवरे तिला ठाऊक नव्हते. खांदे भरून यायला लागले तेव्हा तिने दुकान विकलं, आणि सहासष्टाव्या वर्षी आपल्या मैत्रिणीच्या, लव्हॉनच्या, नवऱ्याकडून काडतुसं भरायला शिकली. त्याच्या, ऑरिन सेदरच्या, शेडमध्ये एक दिवस सहज डोकावली होती ती. रिकामी, काजळलेली पुंगळी घासून-पुसून, पुन्हा आकारात आणून, मोजून दारू घालून त्याने तिच्या तळहातावर नवंकोरं काडतूस ठेवलं, तेव्हा ती ते बराच वेळ बोटांत फिरवत राहिली. आयुष्यभर तिने केलेलं प्रत्येक काम सहा आठवड्यांत वाढून बिघडलं होतं. हे तसं नव्हतं. हे नीट केलं की नीट राहत होतं.

मग मार्चच्या पहिल्या शनिवारी क्लबाच्या मैदानावर ऑरिनच्या हातात त्याची रायफल फुटली. गाल फाटला, डाव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत उघडी पडली. डोळा वाचला तो चष्म्यामुळे. लोकांनी त्याला गाडीत घातलं तेव्हा कोणीतरी विचारलं, काडतूस कुठलं होतं? आणि ऑरिनने, अगदी साधेपणाने, उत्तर दिलं होतं, "मार्लिसचं."

पुढचं काडतूस. ठोका. ताटली. काटा.

हेही बरोबर.

पण याने काही सिद्ध होत नव्हतं, हे तिला कळत होतं. जे उडालं ते एक काडतूस आता कोणत्याही काट्यावर ठेवता येणार नव्हतं. तिने दोन्ही हात दिव्याखाली धरले. हात स्थिर होते. ती ते उलटसुलट करून पाहत राहिली, जणू कोणा दुसऱ्याचेच असावेत.

*

ड्वेन केसल क्लबाचा अध्यक्ष होता आणि गावातलं हार्डवेअरचं दुकानही त्याचंच. मार्लिस आत आली तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला नळाच्या चकत्या दाखवत होता. गिऱ्हाईक तिला पाहून चकत्या न घेताच निघून गेलं.

"रायफल उघडून बघा," ती म्हणाली.

"मार्लिस—"

"खटका अडकलाय, पुंगळी आत आहे. ती बाहेर काढा. काय झालं ते तिच्यावरून कळेल. माझं चुकलं असेल तर मी त्याच दिवशी प्रेस उचलून तुमच्या दारात आणून टाकते."

"रायफल ऑरिनची आहे. तो म्हणाला तर उघडायची." ड्वेनने चकत्या एकेक करून खोक्यात टाकल्या. "तो काही म्हणत नाहीये. त्याने तक्रारसुद्धा केली नाही. उलट तुमचं नाव निघालं की म्हणतो, जाऊ द्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"दारावर कागद कोणी लावला? 'दुसऱ्याने भरलेली काडतुसं मैदानावर आणू नयेत'?"

"त्यात कोणाचं नाव नाही."

"गावात दुसरं कोण भरून देतं?"

ड्वेनने खोकं पुढे ओढलं. तो सात-आठ वर्षांचा असल्यापासून—ते वय तिला आठवत होतं कारण पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं तेव्हा तो रडला होता—तिने त्याचे केस कापले होते. आता तो तिच्याकडे तसाच समजुतीने पाहत होता, जसं तिने तेव्हा त्याच्याकडे पाहिलं होतं.

"हे बघा, वय होतं," तो म्हणाला. "कधी हात हलतो, कधी लक्ष उडतं. कोणाचाही दोष नाही त्यात. आमच्या आईने विणकाम सुरू केलंय. छान वेळ जातो तिचा. तिथे चुकलं तर टाका उसवता येतो."

"ऑरिन अठ्ठ्याहत्तरचा आहे," मार्लिस म्हणाली. "त्याला कोणी विणकाम सुचवलं नाही."

ड्वेनने खोक्याचं झाकण लावलं. ती बाहेर पडली तेव्हा दारावरची घंटी नेहमीपेक्षा जोरात वाजली, आणि तिला वाटलं, झालं, आता हेही सांगतील, की बाई दार आपटून गेली.

*

दोन दिवसांनी दुपारी लव्हॉन आली. अपघातानंतर पहिल्यांदाच. हातात लिंबाच्या वड्यांचा डबा होता. तिने कोट काढला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि कॉफीत साखर घालून ढवळत राहिली.

"तू ड्वेनकडे गेली होतीस म्हणे."

"गेले होते."

"रायफल उघडा म्हणालीस."

"पुन्हा म्हणेन. क्लबाच्या एप्रिलच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणेन."

लव्हॉनने चमचा बशीत ठेवला. मग पर्स उघडून कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. पितळेची एक जाड चकती होती, नाण्याएवढी, कडेला फाटून काळी पडलेली.

"उघडून आणली मी. इथे नाही, बाहेरगावी. त्या माणसाला कापून काढावी लागली. बुडाचा एवढाच भाग धड निघाला."

मार्लिसने चष्मा लावला. चकती खिडकीच्या उजेडात धरली. बुडावर गोलाकार अक्षरं ठोकलेली होती. वरच्या बाजूला कारखान्याचं नाव, खालच्या बाजूला आकडा. ऑरिनची रायफल २७० मापाची होती. तिने त्याला दिलेलं प्रत्येक काडतूस २७० चं होतं. इथे ३०८ लिहिलेलं होतं.

तिने ते पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली.

"हे माझं नाही."

"नाही."

"हे दुकानातलं आहे. आणि त्या रायफलचंच नाही. दोन्हींच्या बुडाचं माप तेवढं सारखं, म्हणून आत बसलं."

"केल्विनचं आहे. सुट्टीत आला होता तेव्हा ऑरिनच्या गाडीत डबा विसरून गेला." केल्विन म्हणजे त्यांचा मुलगा.

"ऑरिनने न वाचता घातलं?"

"वाचता आलं तर वाचेल ना," लव्हॉन कपाकडे बघत म्हणाली. "मधलं काही दिसत नाही त्याला. कडेकडेचं दिसतं. दीड वर्ष झालं. माझ्याशी बोलतो ना, तेव्हा माझ्या कानाकडे बघतो. मी त्याच्या ताटात भाजी कुठे आहे ते बोलता बोलता सांगते, म्हणजे त्याला वाटतं मी सहज बोलतेय."

"आणि गाडी चालवतो."

"रस्ता पाठ आहे त्याला."

"लव्हॉन."

"डॉक्टरकडे गेलो तर डॉक्टर लिहून देईल. मग लायसन्स जाईल. मग केल्विन म्हणेल, शेत विका, आमच्या गावी चला. ऑरिन सहा महिने जगणार नाही तिथे. तुला माहीत आहे तो."

मार्लिसने चकती टेबलावर ठेवली. खूप हळू, आवाज न करता.

"केल्विनच्या डब्याचं तुला कधी कळलं?"

लव्हॉनने कप फिरवून त्याची दांडी स्वतःकडे केली.

"कधी?"

"त्याच दिवशी. गाडी आवरताना. डबा उघडा पडला होता."

"म्हणजे माझ्या पायरीवर लोक डबे आणून ठेवत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"मला वाटलं, दोन-चार दिवसांत विसरतील. कोणी तुला तोंडावर काही म्हणालं का? नाही ना?" तिने मार्लिसच्या हातावर हात ठेवला. "तुला कळावं म्हणून तर आणली मी. तुला माहीत, मला माहीत. एवढं पुरे नाही का? त्याचं सगळं आहे गं यात. तुझा छंदच तर आहे तो. तू दुसरं काहीतरी शोधशील. तू हुशार आहेस."

मार्लिसने आपला हात काढून घेतला.

"तीन आठवडे मी माझ्या हातांकडे बघतेय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "भाजी चिरताना बघते. किल्ली लावताना बघते. म्हटलं, कुठल्या दिवशी चुकला असेल हात, आणि मला कळलंच नसेल. मी एकेक काडतूस फोडून तोलत बसले. तुझ्या नवऱ्याचे टाके आठवून मला जेवण जात नव्हतं. आणि तू तिकडे शांतपणे वड्या थापत होतीस."

"शांतपणे नाही, मार्लिस."

लव्हॉनने चकती उचलायला हात पुढे केला. त्याआधी मार्लिसचा तळवा चकतीवर पडला. दोघी क्षणभर तशाच राहिल्या, एकीचा हात दुसरीच्या हाताशेजारी. मग लव्हॉनने पर्स बंद केली.

वड्यांचा डबा तिने नेला नाही. मार्लिसने तो झाकणही न उघडता बाहेरच्या कचऱ्यात टाकला.

*

एप्रिलच्या जेवणाला ती गेली ती मुद्दाम चांगला निळा स्वेटर घालून. सभागृहात लांब टेबलं मांडली होती. हरणाच्या मांसाचा तिखट रस्सा, मक्याचा पाव, पाच-सहा प्रकारचे गोड पदार्थ. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटी भरल्या, त्याही दुसरीकडे जागा उरली नाही म्हणून. स्वेटरच्या खिशात चकती होती. तिचं काय करायचं हे मात्र तिने ठरवलं नव्हतं. लव्हॉनच्या कानाकडे बघून बोलणारा ऑरिन तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. सकाळी आरशासमोर तिने स्वतःला म्हटलंही होतं, की कोणी काही बोललं नाही, तर आपणही बोलायचं नाही. राहू दे.

पण ऑरिन बोलला.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा तो टेबलाला धरून उठला. गालावर गुलाबी व्रण होता, डाव्या हाताला अजून पट्टी.

"मार्लिस आली आहे ना?" त्याने टेबलांवरून नजर फिरवली. "हां. आहे. मग ऐका. या पोरीला मी शिकवलंय. हिच्याइतकं मन लावून शिकलेलं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. चूक कोणाकडून होत नाही? माझ्याकडून नाही झाल्या? माझ्या मनात हिच्याबद्दल काही नाही. मी तिला माफ केलंय, आणि तुम्हीही करा. आणि ते डबे परत करणं बंद करा, शोभत नाही."

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. शेजारच्या बाईने, जिने दोरा परत बांधून पाठवला होता, मार्लिसच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

गप्प बसणं तिला जमलं असतं. माफी घेणं जमलं नाही. पाठीवरचा तो हात बाजूला करून मार्लिस उठली. खुर्च्यांच्या मधून वाट काढत ऑरिनच्या टेबलाशी गेली. लव्हॉनने तिला येताना पाहिलं आणि काटा-चमचा खाली ठेवला.

"ऑरिन, तुझ्या रायफलीतून हे निघालं," मार्लिस म्हणाली आणि चकती त्याच्या उजव्या हातात ठेवली. "बुडावर काय लिहिलंय, वाच."

ऑरिनने ती बोटांत फिरवली. जवळ नेली, लांब धरली. मान थोडी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. मग अंगठा अक्षरांवरून फिरवला आणि हसला.

"दोनशे सत्तर," तो स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "तुझंच आहे, पोरी. तुझ्या हातची पुंगळी मी कुठेही ओळखेन."

शेजारी बसलेल्या ड्वेनने मान लांबवून पाहिलं. त्याचं चावणं थांबलं. त्याने ऑरिनच्या बोटांतून चकती अलगद काढून घेतली, दिव्याकडे धरली, आणि बराच वेळ धरून ठेवली. मग ती टेबलावर पालथी ठेवली, अक्षरं खाली. पलीकडच्या म्हाताऱ्याने ती उचलली, वाचली आणि पुन्हा तशीच पालथी ठेवली.

"काय झालं?" ऑरिन म्हणाला. "सगळे गप्प का?"

लव्हॉन कागदी रुमालाची घडी घालत होती. घडीवर घडी, रुमाल बोटाएवढा होईपर्यंत.

मार्लिसने चेहरे पाहिले. कोणी लाजलेलं दिसेल असं तिला वाटलं होतं. लाजलेलं कोणी नव्हतं. सगळे तिच्याकडे असे पाहत होते, की जणू तिने सगळ्यांदेखत एका म्हाताऱ्या माणसाला ढकलून पाडलं होतं.

"हे इथे करायची गरज होती का?" ड्वेन दबक्या आवाजात म्हणाला.

"तुमच्या दुकानात करायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही विणकाम सुचवलंत."

तिने कोट घेतला आणि बाहेर आली.

*

बाहेर लख्ख ऊन होतं आणि वारा. ती गाडीचं दार उघडत होती तेवढ्यात मागे खडीवर पावलं वाजली.

"मार्लिस."

"इथे आहे मी."

ऑरिन उभ्या असलेल्या गाड्यांना हात लावत तिच्या आवाजाच्या दिशेने आला. टोपी आत विसरला होता. विरळ केस वाऱ्याने उभे राहिले होते. ते आता कोण कापतं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"काय लिहिलं होतं?"

"तीनशे आठ. कारखान्यातलं."

त्याने मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

"केल्विनचं."

"हो."

"म्हणजे तुझं काम बरोबर होतं."

"होतं."

"आत जाऊन सांगतो मी त्यांना."

"त्यांनी वाचलंय."

"तरी सांगतो. माझ्या तोंडून सांगायला हवं." तो निघाला नाही. पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने चोळत राहिला. "रायफल माझ्या शेडमध्ये होती. कुलपात. ती उघडून कोणी आणली?"

सभागृहाच्या काचेच्या दारामागे लव्हॉन उभी होती. एका हातावर दोघांचे कोट, दुसऱ्या हातात गाडीच्या किल्ल्या. ती बाहेर येत नव्हती.

मार्लिसने तिच्याकडे पाहिलं. जे खरं आहे ते कोणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं, यापलीकडे गेल्या महिन्याभरात तिला काही नको होतं. तिने तोंड उघडलं.

"मी आणली," ती म्हणाली. "तुम्ही दोघं घरी नव्हता तेव्हा. किल्ली कुठे टांगलेली असते ते मला माहीत आहे."

"लव्हॉनला न विचारता?"

"न विचारता."

ऑरिन तिच्याकडे वळला. त्याची नजर तिच्या कानापाशी कुठेतरी थांबली होती. चेहऱ्यावर दुखावल्याची छाया आली, मग ती ओसरली, आणि तो जुन्या, मोठ्या मनाच्या माणसासारखा दिसू लागला.

"हे बरोबर नाही केलंस," तो म्हणाला. "पण असू दे. तेही माफ."

ती वळली. गाडीत बसली, दार लावलं आणि स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं, की बोटांची पेरं पांढरी पडली.

लव्हॉन बाहेर आली. मार्लिसच्या गाडीशेजारून जाताना तिची चाल मंदावली, काचेजवळ वाकावं की काय असं तिला वाटलं असावं. मार्लिस समोर बघत राहिली. लव्हॉन पुढे गेली. सवयीने ऑरिन आपल्या गाडीच्या डाव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता. लव्हॉनने त्याला काहीतरी सांगितलं. त्याने काहीतरी विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मग तो बोनेटवर हात ठेवून, हळूहळू, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला.

लव्हॉन आत बसली आणि सीट पुढे सरकवू लागली. ती तिला बराच वेळ जमेना.

आधी त्यांना जाऊ द्यावं, असं कोणालाही वाटलं असतं. मार्लिसने गाडी सुरू केली आणि त्यांच्या पुढून काढून रस्त्याला लागली.